‘कोविन सगळ्यांना सारखंच होतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

कोयनाकाठ: कोविन, म्हणजे करोना लसीची नोंदणी करायचं सरकारी पोर्टल, त्याबद्दल कालच्या पोस्टमध्ये एकांनी लिहिलंय, “कोविन सगळ्यांना सारखंच होतं. गावाकडच्यांना लस घ्यायचीच नव्हती, म्हणून ते मागे राहिले.” वाचून डोकं फिरलं. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयाला लस खुली झाली, तीही फक्त ऑनलाईन नोंदणीवर. पोर्टल तेव्हा इंग्रजीत, मराठी आलं जूनमध्ये. साताऱ्याच्या डोंगरातल्या कांदाटी खोऱ्यात नेटसाठी टेकाड चढणाऱ्यानं बघता बघता संपणारा स्लॉट, म्हणजे लसीची ठरलेली वेळ, धरायचा कसा?

सांगलीकर: पोस्ट माझीच आहे, शब्द फिरवणार नाही. व्हिडिओ बघायला रेंज येते, नोंदणीलाच येत नाही? आमच्या मिरजेच्या पाहुण्यांत शिकलेली माणसं ‘लस घेतली की माणूस दगावतो’ म्हणत होती. ४५ च्या वरच्यांना थेट केंद्रावर जाता येत होतं. ते का गेले नाहीत?

पाटणची आशा: दादा, मी आशा सेविका, गावात आरोग्याचं काम करते. भीती होती, नाही म्हणत नाही. ती मी लोकांच्या ओसरीवर बसून, बोलून घालवली. पण स्लॉट कुठनं आणू? एका नंबरावर चारच नावं बसायची. माझा नंबर भरला, मालकांचा भरला, दिराचा भरला. मग ज्याचं नाव त्याचा फोन. नेट टाकीपाशी, ओटीपी खाली वस्तीवर. पोरगा खालनं आकडे ओरडायचा. तीन मिनिटांत नाही जमलं की परत पहिल्यापासनं.

माणदेशी: आणि एवढं करून केंद्रावर गेलं की दारात पुण्याच्या गाड्या! गावची पोरं बाहेर उभी, आत शहरातली नावं पुकारतायत.

कऱ्हाडचा पुणेकर: मी त्यातलाच एक. पुण्यात मिळेना, गावाकडचा पिनकोड टाकला, मिळाला. घरात तान्हं पोर होतं. चोरी केली का?

माणदेशी: माझा चुलतभाऊ त्याच मे महिन्यात गेला. बत्तीस वर्षांचा. त्याला स्लॉट मिळाला नव्हता. तुमचा पिनकोड तुमच्यापाशीच ठेवा.

कऱ्हाडचा पुणेकर: भाऊ गेला त्याचं वाईट वाटतं, पण ते माझ्या माथी मारू नका. लसच अपुरी होती. मेच्या मध्याला राज्यानं १८-४४ चं लसीकरण थांबवलं, ते कशामुळं?

माणदेशी: अपुरी होती म्हणूनच आधी गावच्यांना द्यायची होती!

सांगलीकर: गाडी कुठल्या कुठं नेली. २४ मेला केंद्र सरकारनं सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा दिली होती, ते कोणी बोलत नाही.

कोयनाकाठ: दिली, पण आपल्याकडं तेव्हा तो गटच बंद होता, वर वाचा. मोबाईल, नेट नसलेल्यानं नोंदणी कशी करायची, हे सुप्रीम कोर्टानंही त्याच महिन्यात सरकारला विचारलं. कोर्टालाही आळशी म्हणणार का?

सांगलीकर: बरं, मे महिन्यापुरतं मान्य. ४५ च्या वरच्यांबद्दल मागं हटत नाही.

पाटणची आशा: मग हेही लिहा दादा, त्या दिवसांत आमच्या वस्तीवर एसटी येत नव्हती. केंद्र डोंगराच्या पलीकडं. गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्यांनी जायचं कसं?