इंटर्नना पशुरुग्णालयाच्या आयसीयूची ओळख पहिल्या दिवशी कशी करून द्यावी?

वॉर्डातली_मॅडम (प्रश्न)

नमस्कार. मी एका पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, लहान प्राण्यांच्या अतिदक्षता विभागात शिकवते. येत्या सोमवारी आठ इंटर्नची नवी तुकडी दोन आठवड्यांसाठी आमच्याकडे येत आहे. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असल्यामुळे ही मुले औषधशास्त्रात किंवा शरीरक्रियाशास्त्रात कच्ची नसतात, उलट काही जण मलाच एखादा नवा डोस सांगतात. तरीही पहिल्या दिवशी वॉर्डात आल्यावर निम्मी मुले मॉनिटरच्या आकड्यांकडे पाहत उभी राहतात आणि उरलेली समोरच्या कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवू लागतात.

आजवर आमच्याकडे ओळख म्हणजे तासाभराची फेरी असे. हा ऑक्सिजनचा पिंजरा, हा सिरिंज पंप, हा तातडीच्या औषधांचा ट्रे, ही फाइल, येथे सही करा, एवढ्यावर ती संपत असे. मागच्या तुकडीत जे घडले त्यानंतर मला ही फेरी पुरेशी वाटेनाशी झाली. पायोमेट्राच्या, म्हणजे गर्भाशयात पू साठण्याच्या आजाराच्या, शस्त्रक्रियेनंतर ठेवलेल्या एका लॅब्रेडॉर मादीचे श्वास रात्री दोन वाजता मिनिटाला २८, तीन वाजता ३६, चार वाजता ४८ आणि पाच वाजता ६० असे तक्त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते, आणि त्या तीन तासांत कोणालाही फोन गेलेला नव्हता. मादी वाचली, पण त्यात आमच्यापेक्षा तिच्या नशिबाचा वाटा मोठा होता. मी त्या मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, नोंद घ्यायला सांगितले होते. तुम्हाला उठवायचे की नाही, ते कळले नाही." मला त्याच्यावर रागावता आले नाही, कारण ते त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

माझ्या हातात सोमवारची सकाळ आहे, म्हणजे साधारण चार तास. त्यात काय घ्यावे आणि काय सरळ गाळावे? ज्यांनी मुलांना घडवले आहे किंवा जे अलीकडेच यातून गेले आहेत, अशांनी कृपया लिहावे.

रातपाळी_१५

मॅडम, मी मुंबईत पंधरा वर्षे रात्रपाळी केली आहे. परळच्या ज्या आवारात १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याला टॅक्सीवाले अजूनही 'बैलघोडा' म्हणतात. मीही तेथेच शिकलो, पण आयसीयूत कसे उभे राहावे हे मला तेथल्या पुस्तकांपेक्षा पुढच्या नोकरीतल्या रात्रींनी अधिक शिकवले.

माझी पहिली सूचना अशी, की यंत्रांची फेरी शेवटी ठेवा. सकाळी मुले आल्यावर प्रत्येकाला एकेका पिंजऱ्यासमोर तीन मिनिटे हात मागे बांधून उभे करा. स्टेथोस्कोप, थर्मामीटर, केसपेपर यांतले काहीही हातात नको. तीन मिनिटांनी एवढेच विचारा, की प्राणी कसा बसला आहे, मान लांब ताणून कोपरे बाहेर काढली आहेत का, श्वास घेताना पोट आणि छाती एकत्र हलतात की उलटसुलट, पिंजऱ्यात लघवी दिसते का आणि सलाईन खरोखर चालू आहे का. श्वास मोजायचे ते याच वेळी, कारण हात लावल्यावर मोजलेला श्वास आपण आणलेल्या घाबरटपणाचा असतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणारे मांजर तर त्या क्षणी तपासायचेच नसते. त्याला ऑक्सिजनमध्ये ठेवून दूर व्हायचे. एक्स-रेसाठी त्याला आडवे दाबून धरल्यामुळे मांजर गेल्याची उदाहरणे प्रत्येक जुन्या डॉक्टरकडे असतात. ऑक्सिजनच्या पिंजऱ्याचे दार दर दहा मिनिटांनी 'जरा बघू' म्हणून उघडले, तर आत साठलेला ऑक्सिजन वॉर्डात जातो, हेही त्यांना तेथेच दाखवा.

दुसरी सूचना तुमच्या लॅब्रेडॉरच्या प्रसंगाविषयी. 'काही वाटले तर फोन करा' असे सांगून कोणीही फोन करत नाही, कारण बाविसाव्या वर्षी आपल्याला जे वाटते त्यावर आपलाच विश्वास नसतो. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या तक्त्यावर डोक्याशी, त्या रुग्णापुरत्या, फोन करण्याच्या मर्यादा लाल शाईने लिहा. श्वास ४० च्या वर गेले, सरासरी रक्तदाब ६० च्या खाली आला, लघवी ताशी किलोमागे १ मिलीपेक्षा कमी झाली, साखर ६० च्या खाली गेली, हिरडी दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांहून अधिक लागले, तर फोन करायचा. मग प्रश्न मुलाच्या धैर्याचा राहत नाही. मांजरासाठी वेगळी ओळ लिहा, कारण शॉकमध्ये कुत्र्याची नाडी बहुधा धावते, तर मांजराची पुष्कळदा मंदावते आणि अंग गार पडते. 'नाडी १२०, शांत झोपले आहे' अशी मांजराची नोंद दिसली की मी खुर्चीतून उठतो.

तिसरी गोष्ट सलाईनची, आणि येथे थोडा वेळ घालवा. पूर्वी मी एका ठिकाणी काम करत असताना एका इंटर्नला दहा किलोच्या कुत्र्याची सलाईनची बाटली ठरल्या वेळेपेक्षा मागे पडलेली दिसली. दिवसाला किलोमागे ५० मिली धरले तर ताशी सुमारे २१ मिली, म्हणजे एका मिलीला २० थेंब पाडणाऱ्या सेटवर (सलाईनच्या नळीवर) मिनिटाला सात थेंब, इतका सावकाश वेग ठरलेला होता. सात थेंब डोळ्यांना बंद पडल्यासारखेच दिसतात. त्याने सद्भावनेने सेटचे चक्र पूर्ण उघडले. त्या ५०० मिलीच्या बाटलीत पोटॅशियम क्लोराइडची एक अँप्यूल, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचे एकक) पोटॅशियम होते. पोटॅशियमची मर्यादा ताशी किलोमागे ०.५ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे त्या कुत्र्याला तासाला ५. बाटली तासाभरात संपली असती, तर मर्यादेच्या चौपट पोटॅशियम हृदयापर्यंत पोहोचले असते. वॉर्डातल्या आमच्या मामांनी ते पाहून चक्र बंद केले म्हणून निभावले. तेव्हापासून मी मुलांना एक रिकामी बाटली, सेट आणि घड्याळ देऊन स्वतः सात थेंब लावायला सांगतो. त्याबरोबर हेही करून घेतो, की अँप्यूल टाकल्यावर बाटली दहा-बारा वेळा उलटीसुलटी करायची, कारण न मिसळलेले पोटॅशियम तळाशी, नळीच्या तोंडापाशीच बसते. मग काय टाकले, किती, कधी आणि कोणी, याची चिठ्ठी बाटलीवर लावायची. मागे पडलेली बाटली कोणीही आपल्या मनाने 'भरून काढायची' नाही, हा नियम भिंतीवर असू द्या.

नुकताच_इंटर्न

मॅडम, मी मागच्या वर्षी इंटर्नशिप पूर्ण केली, त्यामुळे सरांच्या लाल शाईला माझे शंभर टक्के अनुमोदन आहे. आम्हाला फोन करायची भीती वाटते याचे कारण अज्ञान नसून मागचा फोन असतो. माझ्या पहिल्या आठवड्यात मी रात्री अडीच वाजता फोन केला, रुग्ण ठीक निघाला, आणि दुसऱ्या दिवशी राउंडमध्ये त्यावर हशा झाला. त्यानंतर मी महिनाभर कोणालाही उठवले नाही. त्यामुळे सोमवारी तुम्ही मुलांसमोर, तुमच्या वरिष्ठांच्या उपस्थितीत, एवढे जरूर सांगा की विनाकारण ठरलेल्या फोनबद्दल कोणी काही बोलणार नाही.

दुसरे म्हणजे, वॉर्डातल्या मामांची आणि मावशींची ओळख नावानिशी करून द्या. कोणता कुत्रा जेवताना चावतो, कोणत्या पिंजऱ्याची कडी नीट लागत नाही, कालची कोणती मादी आज 'वेगळी' दिसते आहे, हे त्यांना आमच्या आधी कळते. 'डॉक्टर, ही आज उठून बघत नाही' हे वाक्य मी दोनदा ऐकूनही सोडून दिले होते. तिसऱ्यांदा साखर तपासली तेव्हा ती ३८ होती. पार्व्हो या विषाणूच्या आजाराचे दोन महिन्यांचे पिल्लू होते ते.

गोठ्यावरचा_डॉक्टर

चर्चा चांगली चालली आहे, पण एक कडू गोष्ट लिहितो. मी उदगीरला शिकलो आणि आता तालुक्याच्या दवाखान्यात आहे. या आठ मुलांपैकी निम्म्यांच्या नशिबी पुढे मॉनिटर, सिरिंज पंप आणि रक्तातले लॅक्टेट मोजणारे यंत्र यांपैकी काहीही नसणार. म्हणून यंत्र बंद आहे असे समजून दोन तास काम करण्याचा सराव पहिल्याच दिवशी द्यावा, असे मला वाटते. व्यायल्यानंतर कॅल्शियम उतरून आडव्या पडलेल्या गाईला शिरेतून कॅल्शियम देताना माझा एक हात बाटलीवर आणि स्टेथोस्कोप हृदयावर असतो. ठोका चुकू लागला की बाटली खाली करायची, एवढाच माझा मॉनिटर. लघवी अडकलेल्या बोक्याला पोटॅशियम वाढल्यावर तुम्ही कॅल्शियम ग्लुकोनेट देता, तेव्हाही ईसीजीची तार निघाली तर कानच उपयोगी पडणार आहेत.

आणि एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. जबडा लोंबणारा, लाळ गाळणारा, गिळता न येणारा कुत्रा घेऊन मालक येतो आणि सांगतो, "डॉक्टर, घशात हाड अडकले आहे." नवा मुलगा उत्साहाने तोंडात हात घालतो. लुळ्या पडणाऱ्या रेबीजचे चित्र हेच असते. इंटर्नना रेबीजची आगाऊ लस घेतल्याशिवाय वॉर्डात पाऊल ठेवू देऊ नका, आणि लस घेतली असली तरी अशा तोंडात हात घालायचा नाही, हे मागच्या वेळी झालेल्या एखाद्या केसच्या आधारे सांगा. पावसाळ्यात कावीळ झालेला, लघवी कमी झालेला कुत्रा आला, तर लेप्टोस्पायरा हा लघवीतून पसरणारा जंतू नाही असे ठरेपर्यंत त्याची लघवी हातमोज्यांशिवाय हाताळायची नाही. हा जंतू माणसालाही सोडत नाही.

लीड्सची_नर्स

मी मूळची साताऱ्याची असून इंग्लंडमध्ये नोंदणीकृत पशुवैद्यकीय परिचारिका आहे. रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सकडे नोंद झाल्यावरच येथे हे काम करता येते. आमच्या वॉर्डात विद्यार्थ्यांना रुग्ण सोपवताना रेबेका कर्बी यांची वीस मुद्द्यांची यादी वापरतात. द्रव-संतुलन, रक्तदाब, ऑक्सिजन, साखर, क्षार, गोठण्याची क्रिया, वेदना, पोषण असे मुद्दे त्यात असतात, आणि शेवटी शुश्रूषा व माया यांनाही जागा आहे. पहिल्या दिवशी वीसही मुद्दे पाठ करून घेण्यात अर्थ नाही. एक रुग्ण घेऊन त्याच्याबाबतीत यांतले कोणते पाच आज महत्त्वाचे आहेत, एवढे मुलांकडून काढून घ्यावे.

हृदय थांबल्यावरचा सराव मात्र पहिल्याच सकाळी, खेळण्यातल्या कुत्र्यावर का होईना, करून घ्या. २०१२ मध्ये आलेल्या आणि २०२४ मध्ये सुधारलेल्या 'रिकव्हर' या प्राण्यांच्या हृदय-पुनरुज्जीवनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मिनिटाला १०० ते १२० दाब, कुशीवर झोपवलेल्या बहुतेक कुत्र्यांत छातीच्या रुंदीच्या एकतृतीयांश ते निम्मा, दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलायचा, आणि श्वासनलिकेत नळी घातल्यावर मिनिटाला दहा श्वास. मुलांना हे आकडे माहीत असतात. दोन मिनिटे सलग दाब देताना मनगटे किती लवकर थकतात, हे त्यांना माहीत नसते. शिवाय कोणी ओरडून 'ॲड्रिनॅलिन' मागितले की देणाऱ्याने नाव आणि मात्रा परत उच्चारायची, ही सवय तेव्हाच लागते.

संसर्गजन्य कक्षाबद्दल एवढेच सांगते, की तेथला रुग्ण शेवटी पाहायचा, आणि पार्व्होच्या जागेला आधी घाण धुऊन मगच ब्लीच लावायचे. नेहमीच्या फिनेलने तो विषाणू मरत नाही.

वॉर्डातली_मॅडम

सर्वांचे मनापासून आभार. सरांची तीन मिनिटे सकाळी नऊला, मग सात थेंब, मग खेळण्यातला कुत्रा, आणि यंत्रांची फेरी जेवणानंतर उरलेल्या वेळात, असे ठरवते आहे. गोठ्यावरच्या डॉक्टरांचा 'यंत्र बंद' तास दुसऱ्या दिवशी घेईन. लाल शाईच्या मर्यादा आज रात्रीच आमच्या सहा रुग्णांच्या तक्त्यांवर लिहायला घेतल्या, तेव्हा त्यांतल्या दोघांच्या बाबतीत मलाच मर्यादा चटकन ठरवता आली नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

एक शंका राहिली. हृदय थांबल्यास प्रयत्न करू नयेत असे ज्या मालकांनी लिहून दिले आहे, त्यांची खूण पिंजऱ्यावर लावावी की फक्त केसपेपरवर ठेवावी? भेटीला आलेला दुसरा नातेवाईक ती वाचतो, म्हणून विचारते.

रातपाळी_१५

पिंजऱ्यावर लावा, पण शब्दांत नको, रंगीत पट्टी लावा आणि तिचा अर्थ फक्त वॉर्डाला माहीत असू द्या. केसपेपर शोधायला तीस सेकंद लागतात आणि तेवढ्यात कोणीतरी छाती दाबायला लागलेला असतो. पट्टी कोणत्या मालकाशी, कोणी, किती वाजता बोलून लावली, हे केसपेपरवर लिहा आणि पाळी बदलताना रोज पुन्हा विचारा, कारण मालकांचे मत रात्रीतून बदलते.

आणि तीन मिनिटांऐवजी पाच ठेवा. पहिली दोन मुले एकमेकांकडे पाहण्यातच घालवतात.