हस्तक्षेप, कुमक, तैनाती : परक्या फौजेला काय म्हणावे?

प्रश्न

मी पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय संबंधांवरची मराठी टिपणे तयार करते. एका देशाची फौज दुसऱ्या देशात शिरली की आपली वृत्तपत्रे कधी 'लष्करी हस्तक्षेप' लिहितात, कधी 'आक्रमण', तर कधी 'मुक्ती'. पूर्व पाकिस्तान (१९७१), इराक (२००३) आणि लिबिया (२०११) या तिन्हींसाठी एकच शब्द वापरावा का? की तेथील लोकांचे भले झाले की नुकसान, हे पाहून शब्द ठरवावा? जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

'हस्तक्षेप' या शब्दातून कोणीतरी मध्ये हात घातला एवढेच कळते. न्यायालयाचा हस्तक्षेप असतो, मंत्र्यांचा असतो, आणि त्याच शब्दात रणगाडे आणि बॉम्बफेकी विमानेही बसवली जातात. 'आक्रमण' हा शब्द याच्या उलट, पुरावा तपासण्याआधीच निवाडा देऊन टाकतो. माझ्या मते या विषयासाठी मराठीत दोन जुने शब्द अधिक नेमके आहेत, आणि ते पुण्याच्याच इतिहासात भेटतात : 'कुमक' आणि 'तैनाती फौज'. कुमक अडचणीच्या वेळी येते आणि काम झाले की परत जाते. तैनाती फौज मात्र राहायलाच येते, आणि तिचा खर्च ज्याच्या दिमतीस ती दिलेली असते त्याच्याकडून वसूल केला जातो.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, दुसरे बाजीराव पुणे सोडून निघाले, आणि ३१ डिसेंबरला वसईच्या तहावर त्यांची सही झाली. इंग्रजांची सुमारे सहा हजार पायदळाची फौज कायमची ठेवून घ्यायची, तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी करायची नाहीत, अशी त्यातील कलमे होती. मे १८०३ मध्ये बाजीराव पुन्हा गादीवर बसले. हे सारे त्यांनी स्वतः मागितले होते, आणि कायद्याच्या भाषेत बोलायचे तर ते 'निमंत्रणावरून आलेले साहाय्य' होते.

रयतेला याचा काय लाभ झाला, हे पाहण्यासाठी पुढच्या चौदा वर्षांतील महसुलाची पद्धत पाहावी. राज्यकर्त्याला आपल्या सरदारांची आणि प्रजेची थोडीतरी भीती असते, कारण फार पिळले तर ती उठतील हे त्याला ठाऊक असते. ही भीती परक्या संगिनींनी काढून टाकली. बाजीरावांच्या काळात मामलती (महसूल वसुलीचे विभाग) मक्त्याने, म्हणजे जास्त बोली लावणाऱ्याला, देण्याची पद्धत बोकाळली; मक्तेदाराने दिलेली रक्कम गावातून वसूल करायची, पुढच्या वर्षी मामलत आपल्याकडे राहील याची शाश्वती नाही, म्हणून हाती लागेल ते आजच ओरबाडायचे. गावच्या पाटलाला दाद मागायला जागा उरली नाही, कारण पेशव्यांच्या दरबारातच त्या बोलीचा पैसा मोजला जात होता. संगमावरच्या रेसिडेन्सीतून, म्हणजे इंग्रज वकिलाच्या निवासातून, हे सारे दिसत होते, परंतु फौज रयतेसाठी आलेलीच नव्हती. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

म्हणून माझे म्हणणे असे की, परकी फौज आत का शिरली याला जितके महत्त्व दिले जाते तितकेच ती किती काळ राहिली आणि तिच्या आधाराने कोण निर्धास्त झाले, याला द्यावे. १९७१ च्या डिसेंबरात भारतीय सेना पूर्व पाकिस्तानात गेली तेव्हा सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आलेले होते. ढाक्यात १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि मार्च १९७२ मध्ये आपली सेना परतलीही. तिला मी निःसंकोच 'कुमक' म्हणेन.

दुसरा प्रतिसाद

आपले विवेचन आवडले, तरी दोन गोष्टी नम्रपणे मांडतो. लिबियात परकी फौज राहिलीच नाही. सुरक्षा परिषदेच्या मार्च २०११ च्या ठरावात नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरण्याची मुभा देतानाच कब्जा करणारी फौज ठेवण्यास मनाई होती. गडाफी ऑक्टोबरात मारले गेले, विमाने परत गेली, आणि तो देश सशस्त्र टोळ्यांच्या व पुढे दोन सरकारांच्या हाती विभागला गेला. आपल्या व्याख्येने ही 'कुमक' ठरेल, आणि ते मला पटत नाही.

दुसरे असे की, आपण पुण्यात बसून फक्त सोसलेल्या तैनातीविषयी बोलतो. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर केलेल्या मोहिमांना आपण 'स्वाऱ्या' म्हणतो. सरकारी घोड्यावर लढणाऱ्या आपल्या 'बारगिरा'चे तिथे 'बर्गी' झाले, आणि ते नाव बंगाली आयांनी लेकरांना भीती घालण्यासाठी वापरले. शब्द कोणाच्या तोंडचा आहे, हेही टिपणात आले पाहिजे.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

दुसरा मुद्दा पूर्ण मान्य आहे, आणि तो शाळेच्या पुस्तकांतही यावा असे मला मनापासून वाटते. ज्यांच्या शेतातून फौज गेली त्यांनी तिला काय म्हटले, ही नोंद कोणत्याही कोशातील अर्थाइतकीच प्रमाण मानावी.

लिबियाविषयी आपला आक्षेप योग्य असल्याने व्याख्येला एक जोड देतो. कुमक ही कोणाला तरी दिली जाते. बांगलादेशात ती घेणारे होते : डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा अवामी लीगने जिंकल्या होत्या, म्हणजे सत्ता कोणाच्या हाती द्यायची हे लोकांनी सेना येण्यापूर्वीच सांगितले होते. लिबियात असे कोणी नव्हते, म्हणून तिथे 'हवाई हल्ले' आणि 'सत्तापालट' असे सरळ लिहावे. इराकविषयी 'आक्रमण' आणि त्यानंतर 'ताबा' लिहावे.

कंबोडियाचे उदाहरण याहून कठीण आहे. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी सैन्याने नॉम पेन्ह घेतले आणि लाखो माणसांचे बळी घेणारी ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची राजवट संपवली. तेच सैन्य पुढे १९८९ पर्यंत तिथे राहिले. त्या देशातील अनेकांना पहिल्या आठवड्यात सुटका आणि पुढील दशकात तैनाती, असे दोन्ही अनुभव आले, आणि टिपणात दोन्ही शब्द यायला हवेत. रवांडात १९९४ साली हत्याकांड चालू असताना संयुक्त राष्ट्रांनी आपली फौज कमी करून जेमतेम २७० माणसे ठेवण्याचा ठराव केला; तिथे न येण्याने झालेले नुकसान इतके मोठे आहे की परकी फौज नेहमीच वाईट, असे मी कधीही म्हणणार नाही.

एक शेवटची विनंती टिपणे लिहिणाऱ्या ताईंना आहे. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात असलेल्या आपल्या सेनेचा उल्लेख 'शांतिसेना' असा करताना तो शब्द अवतरणात ठेवावा. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफनाच्या रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या, आणि त्या मोहिमेत भारताचे सुमारे बाराशे जवानही कामी आले. या दोन्ही गोष्टी त्याच परिच्छेदात, एकाच आकाराच्या अक्षरांत छापाव्यात.