मूत्राशयाच्या व मूत्रमार्गाच्या दुखापती विरळ आहेत, पण नेमक्या कोणासाठी?
मूत्राशयाच्या व मूत्रमार्गाच्या दुखापती एकूण लोकसंख्येत विरळ आहेत, हे मत मला मान्य आहे. परंतु अपघातात कमरेचे, म्हणजे पेल्व्हिसचे हाड मोडलेल्यांपुरते पाहिले, तर १०० पैकी साधारण ५ ते १० जणांच्या मूत्राशयाला इजा झालेली असते. मूत्रमार्गाची इजा बहुतांशी पुरुषांनाच होते, कारण स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो. माझा आग्रह एवढाच, की दुचाकीवरून पडलेल्या तरुणाच्या मूत्रद्वाराशी रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी लघवी काढण्याची नळी (कॅथेटर) घाईने आत रेटू नये; आधी मूत्रमार्गात डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारे द्रव्य, सोडून एक्स-रे काढावा, अन्यथा अर्धवट फाटलेला मार्ग पूर्ण तुटण्याची भीती असते.