ई४६ की ई९२: तळाशी वाकून बघा

बीएमडब्ल्यू एम३ च्या ई४६ आणि तिच्या नंतरच्या ई९२ या दोन पिढ्यांपैकी संग्रहासाठी डोळे झाकून ई९२ घ्या, कारण त्यात व्ही-८ (आठ सिलिंडरांचं इंजिन) आहे, हे मत मला अर्धंच पटलं. ४.० लिटर, ४२० अश्वशक्ती आणि तीही मिनिटाला ८३०० फेऱ्यांवर, म्हणजे मोह पडणारच! पण ई४६ चं ३.२ लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन ३४३ अश्वशक्तीतही जास्त बोलकं वाटतं. गाडीही हलकी, त्यामुळे वळणावर पुढची चाकं काय करताहेत ते हातांना कळतं.

कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग दोन्ही पिढ्यांचं दुखणं. ते बदलल्याचे कागद नसतील तर तो खर्च धरूनच भाव करा. ई४६ मध्ये मात्र गाडी लिफ्टवर चढवून मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बसते तो पत्रा टॉर्च मारून बघाच. स्पॉट वेल्डपाशी (पत्रे जोडणाऱ्या ठिपक्यांपाशी) केसासारखी चीर दिसली की काम मोठं. नुसतं चकचकीत अंडरकोटिंग (तळाला दिलेला संरक्षक लेप) दिसलं तर खाली चीर लपवली असेल, अशी मला आधी शंका येते.

गिअरबॉक्स? ई४६ असेल तर मॅन्युअलच. एसएमजी (क्लच पेडल नसलेला अर्ध-स्वयंचलित गिअरबॉक्स) फक्त सीएसएलला, म्हणजे ई४६ एम३ च्या हलक्या खास आवृत्तीला माफ, कारण सीएसएल दुसऱ्या कुठल्या गिअरबॉक्ससह आलीच नाही.