उपचारांची हमी सगळ्यांनाच असावी का? नाशिककरांनो मत सांगा

अंबड_लिंकरोड
नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे पण मला खरंच मतं हवीयेत. मी अंबड एमआयडीसीत कामाला आहे, पगार २१,००० च्या वर गेला आणि ईएसआयमधून म्हणजे सरकारी कामगार विम्यातून नाव निघालं. आधी वडिलांच्या शुगर-बीपीच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या सगळं सातपूरच्या ईएसआयमधून व्हायचं, पगारातून पाऊण टक्का कापायचे ते कधी जाणवलंसुद्धा नाही. आता पगार वाढलाय खरा पण वाढलेले पैसे मेडिकलवाल्याकडेच जातात. आयुष्मान कार्ड काढलंय, पण ते अ‍ॅडमिट झालं तरच, रोजच्या गोळ्यांना नाही. मेडिक्लेमवाल्याने वडिलांचं वय आणि शुगर ऐकून जो हप्ता सांगितला तो आपल्या आवाक्यातला नाही.

तर नोकरी कुठली, पगार किती, रेशनकार्ड कुठल्या रंगाचं हे काही न बघता प्रत्येकाला उपचार मिळालेच पाहिजेत अशी हमी समाजाने द्यावी का? घरात भावाशी यावरून वाद झाला, तो म्हणतो फुकट कुणालाच काही देऊ नये. मला पटत नाही पण नीट मांडताही येत नाही.

गंगापूररोड_७७
भाऊ राग मानू नका पण तुमच्या भावाचं मला थोडं पटतं. माझं दुकान आहे, जीएसटी भरतो, इन्कम टॅक्स भरतो, घरपट्टी भरतो आणि आजारी पडलो की परत खाजगीतच जातो कारण सरकारीत रांगेत उभं राहिलं तर अख्खा दिवस दुकान बंद. म्हणजे मी दोनदा पैसे द्यायचे? आणि जो माणूस आयुष्यभर तंबाखू मळत बसला त्याच्या कॅन्सरचा खर्च मी का उचलू? ज्याला खरंच परवडत नाही त्याला जरूर द्या, सरसकट नको.

घाटावरची_सिस्टर
दादा, "खरंच परवडत नाही त्याला द्या" हे ऐकायला बरोबर वाटतं, पण ते ठरवायचं कसं हे मी रोज बघते. मी सुरगाणा भागात नर्स आहे. आमच्याकडची माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला जातात, रेशनकार्ड पाड्यावर राहतं, आधारला जो मोबाईल नंबर जोडलाय तो कधीच बंद पडलेला असतो, काम करून करून बोटाचे ठसे घासलेले असतात त्यामुळे मशीन अंगठा घेत नाही. गरीब असल्याचा पुरावा मागितला की सगळ्यात गरीब माणूसच आधी गळतो, आणि ज्याची ओळख आहे त्याचा दाखला दोन दिवसात निघतो. म्हणून सरसकटच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

तंबाखूचं म्हणाल तर बागेत औषध मारताना विषबाधा झाली त्यात त्या मजुराची काय चूक? भात लावताना साप चावला त्याची काय चूक? आपण आजाऱ्याची चूक शोधत बसलो तर उपचार कधी करायचे.

आणि अजून एक, कार्ड म्हणजे हमी नाही. आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार लिहिलेत पण ते पाच लाख जिथे चालतात ते हॉस्पिटल नाशिकला. रात्री बाळंतीण अडली तर १०८ येते, पण घाटातून यायला जायला जो वेळ लागतो त्याचं काय? आमच्याकडची कितीतरी माणसं सरळ बॉर्डर ओलांडून गुजरातेत धरमपूर-वलसाडला जातात. डॉक्टर जागेवर आहे, औषध कपाटात आहे, रक्त मिळतंय, याला मी हमी म्हणेन.

डॉक्टर_इंदिरानगर
माझं छोटं हॉस्पिटल आहे त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. हमी द्यावी याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण बिलाच्या भीतीने लोक किती उशिरा येतात ते आम्ही बघतो, साध्या ड्रेसिंगने बरी झाली असती अशी जखम घेऊन शुगरचा पेशंट येतो तेव्हा पाय काळा पडलेला असतो आणि मग बोट कापायचं की पंजा एवढाच प्रश्न उरतो. पण हमी सरकारने द्यायची आणि खर्च छोट्या हॉस्पिटलने सोसायचा हे चालणार नाही. आयुष्मानसारख्या योजनेत एकेका उपचाराला ठरवून दिलेले पॅकेजचे दर कमी, सरकारकडून क्लेमचे पैसे पास व्हायला वेळ, तोवर स्टाफचा पगार, ऑक्सिजन, लाईटबिल थांबत नाही, म्हणून माझ्यासारखे अनेक जण योजनेत जातच नाहीत. २०२३ ला राजस्थानने आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा डॉक्टर रस्त्यावर उतरले त्यामागे हीच मोठी भीती होती, इमर्जन्सीचे पैसे कोण आणि कधी देणार. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं लिहिलं होतं, ते झालेलं नाही. आधी ते करा.

जुनं_नाशिक
पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे आपल्याकडे आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या सरकारी भोर समितीने १९४६ लाच लिहून ठेवलंय. इंग्लंडने १९४८ ला महायुद्धातून कंबरडं मोडलेलं असताना सगळ्यांसाठी आरोग्यसेवा सुरू केली, थायलंडने २००२ ला केली, एका भेटीला ३० बाट (तिकडचं चलन) आणि बाकी टॅक्समधून, आणि थायलंड काही श्रीमंत देश नव्हता. म्हणजे आधी श्रीमंत होऊ मग बघू हे म्हणणं टिकत नाही.

आपल्या सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा निकाल सगळ्यांनी वाचावा असा आहे. बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार, एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी बेड नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं, शेवटी खाजगीत भरती व्हावं लागलं. कोर्टाने सांगितलं की हा कलम २१ म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण हे कारण सरकारला सांगता येणार नाही. त्याला भरपाई द्यायला लावली.

गंगापूर रोडवाले साहेब, तुम्ही आज टॅक्स भरणारे आहात, पण उद्या घरातलं कुणी आयसीयूत महिनाभर राहिलं तर दुकान गहाण पडायला वेळ लागत नाही, मी मेन रोडला अशी चालती दुकानं बंद झालेली पाहिलीत. तुमच्या टॅक्सवर तुमचाही हक्क आहे, म्हणून तर हमी सगळ्यांना हवी म्हणतो, तुम्हालासुद्धा. आणि रांगेचं म्हणाल तर ज्यांचा आवाज ऐकला जातो ते सगळे खाजगीत निघून गेले म्हणून ती रांग तशी राहिली. नगरसेवक, अधिकारी, दुकानदार त्याच हॉस्पिटलात येऊ लागले की बघा कसा फरक पडतो ते. देशात एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ ला ६४ टक्के होता, २०२१-२२ ला ३९ वर आला. म्हणजे सरकारने हात घातला की फरक पडतो. पण ३९ पण जास्तच आहे, आणि त्यात गोळ्या-औषधांचा भाग मोठा, जे या धागाकर्त्याचं दुखणं आहे.

गंगापूररोड_७७
रांगेचं पटलं काका. टॅक्स वाढेल ही भीती मात्र आहेच, आणि तो पैसा औषधावरच जाईल, टेंडरमध्ये मुरणार नाही याची हमी कोण देणार? ते कुणी सांगितलं तर मी पण तुमच्या बाजूने.

अंबड_लिंकरोड
सगळ्यांचे आभार. सिस्टरताई, आत्ता वडिलांच्या गोळ्यांसाठी काही मार्ग आहे का?

घाटावरची_सिस्टर
आहे ना. राज्य आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं मोफत आहे, त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला जा, जुनी फाईल आणि शेवटचे रिपोर्ट घेऊन जा. शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन अशा साध्या गोळ्या तिथे देतात, कंपनीचं नाव वेगळं असेल पण औषध तेच, घाबरू नका. जी गोळी नसेल ती सरकारी योजनेच्या जनऔषधी दुकानात बघा, बरीच स्वस्त पडते. वडील सत्तरीच्या वर असतील तर त्यांचं आयुष्मानचंच वेगळं वय वंदना कार्ड निघतं, उत्पन्न विचारत नाहीत, पण तेही अ‍ॅडमिट झालं तरच. आणि कधी मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात जायची वेळ आली तर धर्मादाय कोट्याचं नाव काढा, १० टक्के बेड मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवायचेच असतात, सवलतीसाठी वर्षाचं उत्पन्न ३ लाख ६० हजारांच्या आत लागतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, अ‍ॅडमिट झाल्यावर धावपळीत तो निघत नाही.