मदत हवी आहे: बर्नस्टाइनच्या क्लॅरिनेट सोनाटातला ५/८ चा भाग जुळत नाही

लेनर्ड बर्नस्टाइनचा क्लॅरिनेट-पियानो सोनाटा (१९४१-४२) बसवतो आहोत. पहिला भाग, ग्राझिओसो, ठीक आहे. अडचण दुसऱ्या भागातली: संथ आंदान्तिनो संपून वेगवान व्हिवाचे ए लेजेरो सुरू झालं की ५/८ मध्ये (एका बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका मापात, पाच क्वेव्हर म्हणजे आठवांश स्वर, तीन आणि दोनच्या गटांत) आम्ही दोघं हळूहळू सुटतो.

नेमकं काय बिघडतं: वेग वाढला की तीन क्वेव्हरचा गट आखडतो, दोनचा ताणला जातो आणि ५/८ ऐकायला दोन सारख्या मात्रांसारखं लागतं. पियानोच्या तुटक स्वरांत हे लगेच उघडं पडतं. क्लॅरिनेटवर घशाच्या स्वरांवरून (खालच्या स्वरक्षेत्राच्या वरच्या टोकाचे स्वर) ब्रेक (तिथून वरच्या स्वरक्षेत्रात जाण्याची सीमा) ओलांडताना बोटं उशिरा पडतात, तेव्हा ते आणखी वाढतं. तिथे उजव्या हाताच्या बोटांनी छिद्रं आधीच झाकून ठेवली, तर वाजवणं बरंच सुधारलं; मूळ दोष मात्र राहिला.

करून पाहिलेलं: प्रत्येक क्वेव्हरवर मेट्रोनोम, टाळ्यांनी गट मोजणं, फक्त डावा हात आणि क्लॅरिनेट. संथ वेगात सगळं चोख. मेट्रोनोम फक्त बारच्या सुरुवातीला ठेवला की घसरतं.

क्लॅरिनेट बी फ्लॅट, रीड ३ नंबरची. पियानो अपराइट असल्याने वादकाची पाठ माझ्याकडे असते. जागा बदलता येत नाही. त्यामुळे नजरेचा इशारा चालणार नाही, श्वासाचाच हवा.

ज्यांनी हा सोनाटा मंचावर वाजवला आहे त्यांना विचारायचंय: क्वेव्हरच्या ठोक्यावरून बारच्या ठोक्यावर जाताना मधली पायरी कोणती ठेवलीत, आणि बदलत्या गटांत आधार कोणी धरायचा, पियानोच्या डाव्या हाताने की क्लॅरिनेटने?