पिगफर्ड खटला : भेदभाव झाला होता, तर इतके अर्ज बाद कसे झाले?

तिफण :
अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी सरकारी कृषी खात्यावर केलेल्या ‘पिगफर्ड विरुद्ध ग्लिकमन’ खटल्याबद्दल वाचते आहे. १९९९च्या तडजोडीचा सगळीकडे मोठा विजय म्हणून उल्लेख येतो. मग सुमारे २२,७०० दाव्यांपैकी जवळपास १५,६००च मंजूर झाले आणि ६० हजारांहून जास्त अर्ज उशिरा आले म्हणून अडकले, हे कसं? शिवाय जमिनी गेल्या त्या फक्त कर्जापायीच का?

बांधकरी :
तडजोडीत सरकारने दोष कबूल केलेला नव्हता, इथून सुरुवात करा. त्यामुळे प्रत्येकाला आपापला दावा सिद्ध करावा लागला. १ जानेवारी १९८१ ते ३१ डिसेंबर १९९६ या काळात शेती केलेली किंवा करू पाहिलेली हवी, खात्याकडे कर्ज वा लाभ मागितलेला हवा आणि १ जुलै १९९७ पर्यंत भेदभावाची तक्रार केलेली हवी.

पुढे दोन वाटा होत्या. ‘ट्रॅक ए’मध्ये सुनावणी नाही, निवाडा कागदांवर. जिंकलात तर ५०,००० डॉलर, त्या भेदभावाशी निगडित सरकारी कर्ज माफ आणि करापोटी आणखी १२,५०० डॉलर थेट करखात्यात. ‘ट्रॅक बी’मध्ये लवादापुढे एक दिवस सुनावणी, रकमेला मर्यादा नाही, पण पुरावा जास्त भक्कम लागे आणि हरलात की हात रिकामे. तिकडे फार थोडे वळले.

‘ए’ सोपी म्हणतात, पण तिथेही एक अट नडली. तुमच्यासारखीच परिस्थिती असलेल्या एखाद्या गोऱ्या शेतकऱ्याला जास्त चांगली वागणूक मिळाली, हे त्याची नेमकी ओळख देऊन दाखवायचं. आता शेजाऱ्याला कर्ज कधी, किती मंजूर झालं याची फाइल कुठे? कृषी खात्याच्या त्याच स्थानिक (काउंटी) कार्यालयात, ज्याच्याविरुद्ध दावा आहे! ‘ए’च्या दावेदाराला ती मागवून घेण्याची सोय नव्हती.

मृगनक्षत्र :
उशिराबद्दल. तडजोडीला न्यायालयाची मंजुरी १४ एप्रिल १९९९ला मिळाली. तिथून १८० दिवस, म्हणजे १२ ऑक्टोबर १९९९ ही शेवटची तारीख. नंतर येणाऱ्याने आधी ‘आवाक्याबाहेरची असाधारण अडचण’ दाखवायची, आणि तेही १५ सप्टेंबर २०००च्या आत. ‘तडजोड झाल्याचं कळलंच नाही’ हे कारण धरलं गेलं नाही. बहुतेकांचं खरं कारण तेच होतं. या लोकांसाठी २००८च्या कृषी कायद्यात वाट काढली, २०१०मध्ये १.२५ अब्ज डॉलरची दुसरी तडजोड झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने निधी दिला.

१९८१पासूनचे जुने दावे कसे टिकले, तेही सांगते. १९८३मध्ये कृषी खात्याने नागरी हक्कांच्या तक्रारी तपासणारी यंत्रणाच मोडीत काढली. तक्रारी घेतल्या जात, पण चौकशी होत नसे. कर्ज देताना भेदभावाला मनाई करणाऱ्या समान पतहक्काच्या कायद्याखाली दावा लावायची मुदत तेव्हा दोनच वर्षं होती, ती वाट पाहण्यात सरून जाई. १९९८मध्ये संसदेने १९८१ ते १९९६ या काळापुरती मुदतीची अट उठवली, म्हणून खटला टिकला.

बांधकरी :
कर्ज नाकारण्याइतकंच ते लांबवणंही घातक होतं. खात्याच्याच १९९७च्या अहवालात नोंद आहे की आग्नेयेकडच्या काही राज्यांत कृष्णवर्णीयांचे अर्ज निकाली निघायला सरासरी तिप्पट वेळ लागे. बियाणं-खताचा पैसा पेरणी उलटल्यावर आला तर उत्पन्न घटतं, हप्ता थकतो आणि तारण ठेवलेली जमीन लिलावात निघते. त्यात अनेकांचा पैसा देखरेखीखालच्या बँक खात्यात पडे. काउंटी अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय तो काढता येत नसे.

सामाईक_गट :
कर्जाखेरीज दुसरं कारण वारसाहक्क. मृत्युपत्र न करता माणूस गेला की जमीन सगळ्या वारसांच्या अविभक्त हिश्शांत जाते, आपल्याकडच्या सामाईक सातबाऱ्यासारखी. बाहेरचा माणूस एका दूरच्या वारसाचा हिस्सा विकत घेतो, वाटपाचा दावा लावतो आणि न्यायालय अख्खी जमीन विकायला काढतं. शिवाय मालकी एका नावावर स्पष्ट नसल्याने सरकारी योजनांना लागणारा ‘शेत क्रमांक’ मिळत नसे. २०१८च्या कृषी कायद्याने पर्यायी कागदपत्रं चालतील असं केलं. विक्रीबाबत २०१०चा नमुना कायदा ज्या राज्यांनी स्वीकारला, तिथे आधी मूल्यांकन होतं आणि विक्री मागणाऱ्याचा हिस्सा घेण्याची पहिली संधी बाकी वारसांना मिळते.

तिफण :
आणि २०२१ची कर्जमाफी? तीही झाली नाही ना?

मृगनक्षत्र :
नाही. वंचित गटांतल्या शेतकऱ्यांच्या शिल्लक सरकारी कर्जाच्या १२० टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायची तरतूद होती. गोऱ्या शेतकऱ्यांनी वंशाधारित म्हणून आव्हान दिलं, जून २०२१मध्ये फ्लोरिडातल्या न्यायालयाने देशभर स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२२मध्ये संसदेने कलमच रद्द केलं. त्याऐवजी २.२ अब्ज डॉलर ठेवले, खात्याच्या कर्जांत भेदभाव सोसलेल्या कुणालाही, वंश न पाहता. जुलै २०२४अखेर ४३ हजारांहून जास्त जणांना सुमारे २ अब्ज वाटले. शेती करत असलेल्यांना किंवा पूर्वी केलेल्यांना १०,००० ते ५ लाख डॉलर. कर्जच न मिळाल्याने शेती सुरूच करता आली नाही अशा सुमारे २० हजार जणांपैकी बहुतेकांना ३,५०० ते ६,०००.